धागा : रोल साउंड, रोल कॅमेरा... चित्रपट-मालिकांच्या सेटवरची भाषा

फुटेजवाला

चित्रपटाच्या परिभाषेचे तक्ते नेटवर ढिगाने सापडतात. लाँग शॉट, मिड शॉट, क्लोजअप, पॅन, टिल्ट, शेजारी छोटंसं चित्र, संपलं. ते पाठ करून सेटवर गेलेला माणूस पहिल्या तासाभरात गांगरतो, कारण तिथे हे शब्द व्याख्या म्हणून कोणी उच्चारत नाही. एका खात्याने दुसऱ्या खात्याला दिलेले ते हुकूम किंवा निरोप असतात. त्यातले कितीतरी निरोप तर सेटवर हजरच नसलेल्या माणसासाठी असतात. मी संकलनाच्या टेबलावर काम करतो, म्हणजे तो गैरहजर माणूस मीच. माझ्या बाजूने सुरुवात करतो, बाकीच्यांनी आपापल्या खात्यातून भर घाला.

आधी सीन, शॉट आणि टेक वेगळे करू. सीन पटकथेतला. जागा किंवा वेळ बदलली की नवा सीन, म्हणून प्रत्येक सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, कुठे, दिवस की रात्र एवढं लिहिलेलं असतं. प्रेक्षकाला ही ओळ कधीच दिसत नाही. ती वेळापत्रक लावणाऱ्या सहायक दिग्दर्शकासाठी आहे. तो तिच्यावरून पटकथा फोडतो आणि एका जागेचे सगळे सीन एकत्र बांधतो, मग कथेत ते पहिल्या आणि शेवटच्या पानावर का असेनात. सीनची लांबी तो पानाच्या आठव्या भागांत मोजतो. ठरलेल्या साच्यात टाइप केलेलं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा त्यामागचा अंदाज. अर्थात 'घोडेस्वार किल्ल्यावर चालून जातात' ही ओळ पानाचा आठवा भागच असते आणि दोन दिवस खाते. हे ज्याला आधी दिसतं तो खरा सहायक दिग्दर्शक.

टेक म्हणजे त्याच मांडणीची पुन्हा एकदा घेतलेली नोंद. शॉट मात्र दोन ठिकाणी दोन अर्थांनी वावरतो. सेटवर कॅमेरा एका जागी, एका लेन्सने लावला की तो एक शॉट, आणि टेबलावर दोन कटांच्या मधला प्रत्येक तुकडा हा शॉट. सेटवर एकदाच घेतलेला क्लोजअप माझ्याकडे सात तुकडे होऊन सीनभर विखुरतो. 'आज बारा शॉट झाले' असं दिग्दर्शकाने कळवलं, तर त्यावरून सीनमध्ये किती कट पडतील ते मला सांगता येत नाही.

आता पाटी. क्लॅपरबोर्ड म्हणा, स्लेट म्हणा. चित्र कॅमेऱ्यात जातं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, आणि माझ्याकडे दोन स्वतंत्र फाइली येतात. पट्ट्या एकमेकींवर आपटतात ती फ्रेम आणि ध्वनिलहरीत जिथे टोक उभं राहतं ती जागा एकाखाली एक ठेवली की पुढचा अख्खा टेक जुळतो. म्हणून सेटवरचा क्रम ठरलेला. सहायक दिग्दर्शक 'रोल साउंड' म्हणतो, ध्वनिमुद्रक 'रोलिंग' म्हणून होकार देतो, मग 'रोल कॅमेरा', मग पाटीवरचा सीन-शॉट-टेक मोठ्याने वाचून टाळी, पाटीवाला चौकटीबाहेर, फोकस पुन्हा नटावर आणायला क्षणभर उसंत, आणि मग दिग्दर्शकाचं 'अ‍ॅक्शन'. आवाज आधी सुरू करतात कारण टेपचं यंत्र ठरलेल्या वेगावर यायला वेळ घ्यायचं आणि फिल्म टेपपेक्षा फार महाग होती. ३५ मिमी फिल्मची १००० फुटांची रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने ११ मिनिटांत संपते. टेपची वाट बघत ती कोण फिरवेल? फिल्म गेली तरी क्रम राहिलाय.

अमेरिकी पद्धतीत सीन २४ चे पुढचे शॉट २४ए, २४बी असे चढत जातात आणि त्यात आय आणि ओ ही अक्षरं गाळतात. पाटीवर ती एक आणि शून्यासारखी दिसतात, आणि रात्री दोन वाजता फाइली लावणाऱ्याला तेवढं पुरतं.

प्रश्नांकित

मस्त धागा, वाचनखुणेत टाकला. एक शंका. आता कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हीत टाइमकोड असतो, सॉफ्टवेअर ध्वनिलहरी बघून आपोआप जुळवतं. मग टाळी निव्वळ सवयीने राहिली आहे का?

बूमवाला

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमवरचा तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा पत्ता. दोन्ही यंत्रांना सकाळी एकच वेळ दिली तरी त्यांची घड्याळं दिवसभरात हळूहळू सरकतात, म्हणून अधूनमधून ती पुन्हा जुळवावी लागतात. मधल्या वेळेत कुणीतरी बॅटरी बदलतं आणि सांगत नाही. आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातल्या कच्च्या आवाजावर चालतं, आणि कॅमेरा लांब असेल किंवा वारा असेल तर तो कच्चा आवाज कुचकामी. टाळी असली की यातल्या कशानेच अडत नाही.

पाटीच्या दोन खुणा तक्त्यांत सापडत नाहीत, त्या सांगतो. सुरुवातीला टाळी देणं नेहमी शक्य नसतं. रडण्याचा प्रसंग असतो, बाळ झोपलेलं असतं. अशा वेळी टेकच्या शेवटी पाटी उलटी धरून टाळी देतात. उलटी बघितली की टेबलावरच्याला कळतं, ही टाळी मागच्या टेकची आहे, पुढच्याची नाही. आणि शॉट आवाजाशिवाय असेल तर पट्ट्यांमध्ये बोटं घालून पाटी दाखवतात, म्हणजे कुणी नसलेली टाळी शोधत बसत नाही. अशा शॉटला एमओएस म्हणतात. ही अक्षरं कशाची याच्या ऐकीव कथा डझनभर आहेत, एकीवरही विश्वास ठेवू नका.

आता माझी रड. सीन झाला की मी 'रूम टोन' मागतो. म्हणजे सगळ्यांनी होतं तिथेच अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं. लगेच कुणाला तरी खोकला येतो, कुणाची खुर्ची करकरते. 'काहीच आवाज नसताना काय रेकॉर्ड करताय दादा?' हा प्रश्न ठरलेला. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. संवादाच्या दोन तुकड्यांमध्ये संपूर्ण शांतता टाकली तर तिथे भोक पडल्यासारखं ऐकू येतं, ते बुजवायला हा अर्धा मिनिट लागतो. आणि तो माणसं जागेवर असतानाच हवा, कारण माणसं बाहेर गेली की खोलीचा घुमारा बदलतो.

वाइल्ड ट्रॅक वेगळा. कॅमेरा बंद ठेवून नुसता आवाज घेतात तो वाइल्ड ट्रॅक. मागे जनरेटर सुरू असताना वाक्य गेलं, तर जनरेटर बंद झाल्यावर नटाला त्याच लयीत ते पुन्हा म्हणायला लावायचं. गरम गरम घेतलं तर छान जुळतं. महिन्याभराने स्टुडिओत तेच वाक्य डब करताना नटालाही आठवत नाही आपण तेव्हा का चिडलो होतो.

लाल_पेन्सिल

बूमवाल्यांना दंडवत.

मी स्क्रिप्ट सुपरवायझर. बोलीत आम्हाला 'कंटिन्युटी' म्हणतात आणि आमचं काम कप कुठल्या हातात होता हे बघायचं, असा सर्वत्र समज आहे. कप बघतोच, पण तो शेवटचा मुद्दा. खरी गोष्ट आहे ती हालचाल कुठल्या शब्दावर झाली ही. समजा संवाद आहे, 'मला आता हे सहन होत नाही, मी निघतो.' मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, नट 'सहन'वर उठला आणि क्लोजअपमध्ये 'निघतो'वर, तर कप कुठेही असू दे, तिथे उठण्यावर कट मारता येणार नाही. संकलक बहुधा हालचालीवरच कट करतो, कारण प्रेक्षकाचा डोळा हालचालीमागे जातो आणि सांधा दिसत नाही.

आमच्या पटकथेच्या प्रतीवर उभ्या रेषा ओढलेल्या असतात. प्रत्येक रेष म्हणजे एक शॉट, वर त्याचा क्रमांक. ज्या ओळी बोलताना पात्र कॅमेऱ्यात दिसतंय तिथे सरळ रेष, आवाज आहे पण पात्र दिसत नाही तिथे नागमोडी. पान समोर धरलं की कुठलं वाक्य कुठल्या शॉटमध्ये मिळेल ते कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठलं वाक्य एकाही शॉटमध्ये सरळ रेषेखाली आलेलं नाही, तेही. ते पॅकअपच्या आधी कळलं तर बरं.

नवखी

कव्हरेज म्हणजे हेच ना? आणि 'लाइन क्रॉस झाली' म्हणजे नेमकं काय, कुणी सोप्या भाषेत सांगाल का? पुस्तकातली आकृती कळते, पण प्रत्यक्ष कॅमेरा कुठे ठेवायचा तिथे गोंधळ उडतो.

फुटेजवाला

हो, कव्हरेज म्हणजे एकच प्रसंग वेगवेगळ्या अंतरांवरून आणि कोनांतून पुरेसा घेऊन ठेवणं. मास्टरमध्ये सगळा प्रसंग सगळ्या माणसांसकट. मग दोघांचे सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा. मग क्लोजअप. मग इन्सर्ट, म्हणजे हातातली चिठ्ठी, घड्याळ वगैरे. शिवाय कटअवे, म्हणजे प्रसंगाबाहेरचं काहीतरी, जे मला अडचणीत वाचवतं. कटअवे कुणालाच घ्यावासा वाटत नाही आणि टेबलावर पहिल्यांदा तोच शोधला जातो.

लाइनचं असं. दोन माणसं समोरासमोर बोलतायत. एकाच्या नाकापासून दुसऱ्याच्या नाकापर्यंत दोरी ताणली आहे असं समजा. कॅमेरा दोरीच्या एका बाजूला राहिला तर पडद्यावर पहिला कायम उजवीकडे बघतो आणि दुसरा कायम डावीकडे. दोघांचे क्लोजअप आलटून पालटून लावले तरी ते एकमेकांशी बोलतायत असंच वाटतं. आता दुसऱ्याचा क्लोजअप घ्यायला कॅमेरा दोरी ओलांडून गेला, तर दोघेही उजवीकडे बघू लागतात. म्हणजे दोघेही तिसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत.

ओलांडायची असेल तर ती प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत ओलांडा. एकाच शॉटमध्ये कॅमेरा सरकत पलीकडे जाऊ दे, किंवा नटाला उठून जागा बदलू दे (मग दोरीच बदलली), किंवा दोरीवरच कॅमेरा ठेवून एक समोरून शॉट घ्या आणि तो मध्ये लावा. टेबलाभोवती पाच माणसं असतील तर मात्र दोऱ्यांचं जाळं होतं, तिथे नियम घोकण्यापेक्षा कोण कुणाकडे बघतंय एवढंच प्रत्येक शॉटआधी विचारा.

सावलीकार

प्रकाशाच्या खात्यातून थोडं. की (मुख्य), फिल (सावली उजळणारा) आणि बॅक (मागचा) ही तीन दिव्यांची आकृती सगळीकडे आहे, ती सोडतो.

श्रेयनामावलीत सगळ्यांना हसू येतं ती नावं म्हणजे गॅफर, ग्रिप आणि बेस्ट बॉय. छायालेखकाला कसा प्रकाश हवाय ते समजून प्रत्यक्ष दिवे लावून घेणारा प्रमुख तो गॅफर. ट्रॉली, रूळ, क्रेन, कॅमेऱ्याचे आधार हे ग्रिपचं काम. बेस्ट बॉय त्यांचा दुय्यम प्रमुख. गंमत अशी की अमेरिकेत दिव्यासमोर काळं कापड किंवा जाळी लावणं हेही ग्रिपकडे असतं, ब्रिटिश पद्धतीत ते दिवेवाल्यांकडे आणि ग्रिप फक्त कॅमेऱ्याशी बांधलेला. दोन देशांची टोळी एकत्र आली की 'फ्लॅग लाव' हे कुणाला सांगायचं इथून सुरुवात.

फ्लॅग म्हणजे हेच काळं कापड. दिवे लावणं आठवड्यात जमतं, त्यांचा उजेड अडवणं शिकायला वर्षं जातात. चेहरा सपाट दिसतोय म्हणून नवीन माणूस आणखी एक दिवा मागतो. जाणता माणूस चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला काळा पडदा उभा करतो, भिंतीवरून परतणारा प्रकाश गिळला जातो आणि गालाला आकार येतो. याला निगेटिव्ह फिल म्हणतात.

आणि केल्विन, म्हणजे प्रकाशाचा रंग मोजायचं एकक. जुना पिवळसर टंगस्टन दिवा ३२००, दिवसाचा प्रकाश ५६०० धरतात. दोन्ही एकाच खोलीत आले तर खिडकीकडचा गाल निळा नाहीतर दिव्याकडचा गाल नारिंगी, कॅमेरा ज्याला पांढरं मानेल त्यावर अवलंबून. म्हणून दिव्यावर निळं जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) किंवा खिडकीवर नारिंगी. खिडकी मोठी असली की कोण चढणार यावरून चर्चा होते.

फोकस_फूट

कॅमेऱ्याच्या बाजूने दोनच गोष्टी.

झूम आणि ट्रॉली एकच समजू नका. झूममध्ये कॅमेरा जागेवर असतो, चित्र फक्त मोठं होतं, मागची भिंत आणि पुढचा माणूस यांचं प्रमाण तेच राहतं. ट्रॉली पुढे गेली की अंतरंच बदलतात, जवळचं झपाट्याने वाढतं, लांबचं जवळपास तसंच. दोन्ही उलट दिशेने एकाच वेळी केलं की माणूस तेवढाच राहतो आणि पार्श्वभूमी ताणली जाते. १९५८ च्या 'व्हर्टिगो'मुळे गाजलेली युक्ती ती हीच.

दुसरं, दिवे लुकलुकणे. शटर अँगल १८० अंश म्हणजे फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं. २४ फ्रेमला ते १/४८ सेकंद होतं. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि १/४८ त्याच्याशी जुळत नाही. काही दिव्यांखाली चित्र धडधडायला लागतं. शटर १७२.८ अंश केलं की बरोबर १/५० होतं आणि धडधड थांबते. कॅमेऱ्याच्या मेनूत हा विचित्र आकडा कशाला, असं वाटलं असेल तर त्यासाठी.

पीसीआर_निवासी

सगळे एका कॅमेऱ्याचंच बोलताय. टीव्हीचं जग निराळं आहे हो. स्टुडिओत तीन-चार कॅमेरे एकदम चालू असतात आणि संकलन तिथल्या तिथे होतं. दिग्दर्शक फ्लोअरवर नसतो, पीसीआरमध्ये म्हणजे नियंत्रण कक्षात पडद्यांच्या भिंतीसमोर असतो. दोन पडदे महत्त्वाचे. प्रोग्राम म्हणजे आत्ता बाहेर जातंय ते, प्रिव्ह्यू म्हणजे पुढे जाणार ते. 'तीन स्टँडबाय... टेक तीन' म्हटलं की व्हिजन मिक्सर (कॅमेरे बदलणारा माणूस) कळ दाबतो, आणि तीन नंबरच्या कॅमेऱ्यावर लाल टॅली दिवा लागतो. दिवा लागल्यावर कॅमेरामनने हलायचं नाही, निवेदकाने त्याच डोळ्यात बघायचं. दिवा विझला की पळत दुसरी फ्रेम लावायची.

हे सगळं बोलणं टॉकबॅकवर, म्हणजे हेडफोनमध्ये. फ्लोअर मॅनेजर ते ऐकतो आणि हातांनी समोरच्यांना सांगतो. बोटांवर उलटी मोजणी, हात ताणले की 'लांबव', हवेत गोल फिरवला की 'आवर', गळ्यावरून फिरवला की 'थांब'.

बहुकॅमेऱ्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. १९५१ मध्ये 'आय लव्ह लूसी' प्रेक्षकांसमोर ३५ मिमीच्या तीन कॅमेऱ्यांवर चित्रित होऊ लागली, तेव्हा छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांना सगळ्या कोनांतून एकदम चालेल असा सम, वरून येणारा प्रकाश बसवावा लागला. सावलीकारांची निगेटिव्ह फिल तिथे चालणार नाही. एका कॅमेऱ्याची सावली दुसऱ्याच्या चौकटीत दिसते.

सावलीकार

सहमत. म्हणूनच तिकडे येत नाही.

प्रश्नांकित

मालिकांमध्ये दिग्दर्शक दर भागाला बदलतात, मग मालिका एकसारखी कशी राहते?

पीसीआर_निवासी

चित्रपटात शेवटचा शब्द बहुधा दिग्दर्शकाचा. अमेरिकी पद्धतीच्या मालिकांत तो शोरनरचा, आणि तो सहसा लेखकांचा प्रमुख असतो. भागाचा दिग्दर्शक येतो, आपला भाग करतो, जातो. श्रेयनामावलीत शोरनर असा शब्द सहसा नसतो, तो 'एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर'च्या गर्दीत असतो. त्याच यादीत पैसे आणणारा, हक्क विकणारा, कधी मुख्य नटही असतो. रोजचा खर्च आणि माणसं प्रत्यक्ष सांभाळणारा म्हणजे लाइन प्रोड्युसर. त्याचं नाव खाली येतं आणि फोन सगळ्यात जास्त वाजतो.

नवखी

पिक्चर लॉक झाल्यावर 'फक्त दोन फ्रेम कमी करा' म्हटलं तर सगळे का भडकतात?

फुटेजवाला

रफ कटपर्यंत काहीही हलवता येतं, फाइन कटमध्ये फ्रेमा मोजून. लॉक म्हणजे चित्राची लांबी ठरली, आणि तिच्यावर विसंबून चार खाती एकाच वेळी कामाला लागली. संवाद साफ करणारे, फोली कलाकार (पडदा बघत पावलं, कपड्यांची सळसळ नव्याने वाजवणारे, हे नाव युनिव्हर्सल स्टुडिओच्या जॅक फोलींवरून आलं), संगीतकार आणि रंगसंस्कार करणारे. पहिल्या पाच मिनिटांत दोन फ्रेम काढल्या की पुढचं प्रत्येक पाऊल, प्रत्येक ठोका दोन फ्रेमने पुढे सरकतो. चित्र आधी आणि आवाज नंतर असं दोन फ्रेमचं अंतर सरावलेल्या कानाला लगेच खुपतं. चौघांनी आपापली फाइल उघडायची, सरकवायची, पुन्हा तपासायची. भडकणारच.

प्रश्नांकित

शेवटचं विचारतो. 'ड्रॉप फ्रेम' टाइमकोडमध्ये फ्रेम गाळतात म्हणे. म्हणजे काहीतरी कायमचं हरवतं का?

बूमवाला

एकही फ्रेम हरवत नाही, फक्त आकडे गाळतात. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी सेकंदाला ३० ऐवजी साधारण २९.९७ फ्रेम ठरल्या. पण मोजणी ३० नेच चालली, तर टाइमकोडमध्ये एक तास पुरा दिसेपर्यंत खऱ्या घड्याळात ३.६ सेकंद जास्त गेलेले असतात. प्रसारणाच्या वेळापत्रकात एवढा घोळ चालत नाही. म्हणून दर मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ हे दोन क्रमांक वगळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला वगळत नाहीत. तासाला १०८ क्रमांक होतात, म्हणजे ३.६ सेकंद. २४ किंवा २५ फ्रेमवर काम करत असाल तर ही भानगडच नाही. पण २९.९७ असेल तर कॅमेरा, रेकॉर्डर आणि टेबल, तिघांवर एकच पर्याय निवडलाय ना, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या.